मधली भिंत पाडताना

फोडाफोडी हा माझा धंदा होता आणि तो मला मनापासून आवडायचा. लहानपणी रागाच्या भरात घरातल्या कपबश्या फोडल्या आणि वडिलांच्या हातचा मार खाल्ला. मोठेपणी सिमेंटचे ठोकळे दाबयंत्रात घालून फोडू लागलो, तर कॉलेज त्याबद्दल पगार देऊ लागलं. वडील अमरावतीत भिक्षुकी करायचे. आमच्या पेठेतल्या निम्म्या घरांची वास्तुशांत त्यांच्या हातची. "मी घर उभं राहावं म्हणून घसा कोरडा करतो, आणि आमचे चिरंजीव ते पडतं कसं हे पाहायला कालेजात जातात," असं ते यजमानांना सांगायचे. यजमान हसले की माझं डोकं फिरायचं. डोकं फिरायला मला फारसं काही लागत नसे.

मी सांगतोय तो उन्हाळा कोयनेच्या भूकंपानंतरचा. तेव्हा मी अमरावतीत इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवत होतो. त्या आधीच्या हिवाळ्यात आम्ही काही मास्तर मंडळी पदरमोड करून कोयनेकडे पाहणीला गेलो होतो. दगडामातीची घरं जमीनदोस्त झालेली पाहिली, त्याचं दुःख झालं, पण नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते एका शाळेत. खांब शाबूत, वरचा स्लॅब शाबूत. आमच्यातला एकजण बाहेरूनच "वा, काय काम केलंय!" म्हणून मोकळा झाला. मग आम्ही आत गेलो. दोन वर्गांमधली भिंत अख्खीच्या अख्खी बाकांवर आडवी झाली होती. बाकांच्या फळ्या मधोमध मोडून जमिनीला टेकल्या होत्या. भूकंप पहाटे झाला म्हणून बाकांवर कोणी नव्हतं. सकाळी अकराला झाला असता तर आत पाऊल ठेवायची आमची हिंमत झाली नसती.

आम्ही इंजिनिअर लोक गणित करतो ते खांबांचं, तुळयांचं, स्लॅबचं. म्हणजे भार वाहणाऱ्यांचं. मधल्या भिंती, गच्चीचे कठडे, कपाटं, पंखे, कौलं ही सगळी बिनभाराची मंडळी. लग्नाला आलेल्या पाहुण्यांसारखी ती इमारतीत नुसती असतात, त्यांच्याकडून कोणी काही मागत नाही. धरणी हलली की हेच पाहुणे माणसांच्या अंगावर येतात. घर उभंच राहतं आणि घरातला माणूस जातो. हे मला पुस्तकात कोणी शिकवलं नव्हतं आणि त्याचा मला संताप आला होता.

परत आलो तो थेट अकोल्याला, ताईकडे. ताई माझ्याहून बरीच मोठी. मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात, मुलींच्या शाळेत ती मुख्याध्यापिका होती. लग्न केलं नाही, शाळाच केली, असं तिच्याबद्दल बोलत आणि तिला ते चालत असे. शाळेची नवी इमारत नुकतीच उभी राहिली होती. सिमेंटचे खांब, वर स्लॅब, आणि वर्गांच्या मध्ये अर्ध्या विटेच्या जाडीच्या भिंती. आमच्याकडच्या उन्हाळ्यात वारा खेळावा म्हणून या भिंती छताला भिडवत नाहीत, वर हातभर मोकळं सोडतात. म्हणजे भिंत खाली फरशीवर उभी आणि वर तिला कशाचाच आधार नाही. ही भिंत मी आधी कितीदा तरी पाहिली होती. तिला टेकून चहा प्यालो होतो. त्या दिवशी तिच्याखाली मुली पाढे म्हणत बसलेल्या पाहिल्या आणि मी तडक ताईच्या खोलीत गेलो.

"ताई, या भिंती पाड."

"काहून?" ताई म्हणाली. शाळेत ती छापील मराठी बोलायची, माझ्याशी मात्र वऱ्हाडीच.

मी सांगितलं. कोयनेच्या शाळेतले बाक सांगितले. तिने पुढ्यातली वही मिटली. मग म्हणाली, "तू रागात बोलून राहिला की हिशोबानं?"

"दोन्ही."

"मंग मी अध्यक्षांशी बोलतो," ती म्हणाली. आमच्याकडे बायकाही कधी कधी 'बोलतो' म्हणतात, पुण्याच्या माणसांना ते ऐकून गंमत वाटते.

शाळेच्या समितीचे अध्यक्ष अकोल्यातले नामांकित वकील. माणूस वाईट नव्हता, फक्त हरण्याची सवय नव्हती. ताईचं ऐकून ते खो खो हसले. "बाई, वऱ्हाडात जमीन हलते ती फक्त निवडणुकीत!" ताई हसली नाही. ती रोज जाऊन तेच सांगू लागली. पालकांपर्यंत गोष्ट पोचली, काहींनी मुली पाठवायचं थांबवलं, तेव्हा वकीलसाहेब चिडले. समितीच्या बैठकीत त्यांनी तिला उभं केलं. "नवी इमारत आहे, उद्घाटन होऊन वर्ष झालं नाही आणि मुख्याध्यापिकाच घबराट पसरवतात. बाई, सिद्ध करा. सिद्ध झालं तर शाळा उघडायच्या आत मी भिंती पाडतो. नाही झालं तर राजीनामा द्या."

"दिला शब्द," ताई म्हणाली. भावासारखीच ती.

मला हे कळलं तेव्हा मी तिच्यावर ओरडलो. तिची नोकरी म्हणजे तिचं सगळं घरदार होतं. पण शब्द दिला गेला होता आणि सिद्ध करण्याचं काम माझ्या गळ्यात आलं होतं.

भूकंप काही मागवता येत नाही. तो करावा लागतो. अमरावतीत एका कापसाच्या प्रेसच्या आवारात रेल्वेच्या रुळांचा फाटा आलेला होता. हंगामात त्यावरून कापूस दाबून बांधलेल्या गठाणी जायच्या, उन्हाळ्यात प्रेस बंद आणि रूळ तापत पडलेले. मालकाला सगळं सांगितलं, त्याने वैतागून का होईना परवानगी दिली. फाट्याला उतार होता. खालच्या टोकाला एक सपाट गाडी उभी करायची आणि तिच्यावर भिंत बांधायची. वरच्या टोकाला गठाणींनी भरलेली वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, तिच्या चाकाखाली लाकडी ठोकळा. घणाने ठोकळा उडवला की वाघीण धडधडत खाली येऊन सपाट गाडीवर आदळणार. हा पूर्ण भूकंप नव्हे, हे मला ठाऊक होतं. भूकंप मागेपुढे हलवतो, वरखाली हलवतो, आणि थांबला असं वाटलं की पुन्हा सुरू होतो. माझ्याकडे एकच धक्का होता. पण तो किती मोठा हे मोजता येत होतं. काजळी धरलेल्या काचेवर सुई धक्क्याएवढा ओरखडा काढायची, आणि वाघीण किती वरून सोडायची ते माझ्या हातात होतं.

हात बसावा म्हणून आधी घरगुती सामान चढवलं. कॉलेजचं एक कपाट पहिल्या धडकेत तोंडावर आपटलं आणि त्याची दारं निखळून रुळापलीकडे गेली. लोणच्याची चिनी बरणी फळीवरून सुटली ती गाडीला न लागता सरळ भिरभिरत गेली आणि फुटली. कौलांचा एक छोटा उतार बांधला होता, त्याची कौलं सुरीसारखी सुटून आली, एक हमालाच्या दंडाला चाटून गेलं, रक्त निघालं. प्रत्येक धडकेला प्रेसच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची. माझ्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे. धूळ बसायच्या आत मी "पुन्हा!" म्हणून ओरडायचो. हमाल मला मागे 'तोडफोड मास्तर' म्हणत, ते मला कळलं आणि आवडलं.

मग खरी गोष्ट, भिंत. ती बांधायला मी अकोल्याहून तोच मिस्त्री आणला ज्याने ताईच्या शाळेच्या भिंती बांधल्या होत्या. हात तोच हवा, हा माझा आग्रह. मिस्त्री माझ्याहून वयाने मोठा, आडव्या हाडाचा, आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडे कळावं आज कुठे काम चाललंय. जुन्या शहरातलं अर्धं बांधकाम आपलंच, असं तो सांगायचा. मी त्याला सांगितलं, शाळेत बांधली तशीच बांधा. गाडीच्या दोन कडांना आम्ही लाकडी खांब ठोकून दिले होते, त्यांच्या मध्ये भिंत. तो म्हणाला, "सायेब, तुमी बिनघोर राहा."

मी बिनघोर राहिलो. परीक्षांचे पेपर तपासायचे होते, म्हणून दोन आठवडे तिकडे फिरकलो नाही. गेलो तेव्हा गिलावा होऊन भिंत पांढरीशुभ्र उभी होती.

चाचणीला ताई आली, वकीलसाहेब आले, समितीचे आणखी काही लोक आले. भिंतीच्या पुढ्यात, तिच्याकडे पाठ करून, गाडीवरच शाळेचे बाक मांडले होते आणि मुलींऐवजी बाकांवर सरकीने भरलेली पोती बसवली होती. मी हात खाली केला. घण पडला, ठोकळा उडाला, वाघीण आली. धडाका इतका मोठा की वकीलसाहेबांनी दोन्ही कान झाकले. पोती बाकावरून लोळली. भिंत उभी.

पुन्हा, अजून वरून. भिंत उभी.

तिसऱ्यांदा वाघीण पार टोकापासून सोडली. गाडीच्या लोखंडातून ठिणग्या उडाल्या, एक बाक उलटा होऊन खाली पडला, गिलाव्याला केसाएवढी भेग गेली. भिंत उभीच. मिस्त्रीने मिशांवरून हात फिरवला.

वकीलसाहेब ताईकडे वळले. "बाई, भिंत तर उभी आहे. आता शब्दाचं काय?"

ताई पांढरी पडली होती. मला काही सुचेना. सुचलं नाही की मी जे करतो तेच केलं. हमालाच्या हातून घण हिसकावला, गाडीवर चढलो आणि त्या भिंतीला मारत सुटलो. मिस्त्री "अहो सायेब!" करत धावला. मी थांबलो नाही. गिलावा उडाला, विटांचे तुकडे तोंडावर आले, आणि एका घावाला घण ठण्णकन वाजून उलटा आला. विटांच्या भिंतीत ठण्ण असा आवाज येत नाही. हाताने चुना-वाळू खरवडली. विटांच्या थराथरांत लोखंडी पट्ट्या होत्या. गठाण बांधतात त्या पट्ट्या, प्रेसच्या आवारात ढिगाने पडलेल्या. त्या भिंतीतून निघून दोन्ही बाजूंच्या खांबांना खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या. ही भिंत पडणं शक्यच नव्हतं. ती खांबांना बांधून ठेवली होती.

"हे काय?"

मिस्त्री अभिमानाने म्हणाला, "पट्ट्या टाकल्या. विटा रातभर भिजू घातल्या. वाळू धुऊन घेतली. आठ रोज पोत्यानं पानी मारलं. कालेजची परीक्षा हाये म्हनलं न तुमी! परीक्षेले कोनी घरचे कपडे घालून जाते का?"

माझ्या मेंदूत काहीतरी तुटलं. या माणसाने भिंतीला परीक्षेला बसवलं होतं आणि तिला आधी न्हाऊमाखू घातलं होतं. त्याला लबाडी करायची नव्हती, हे मला तेव्हाही दिसत होतं. वऱ्हाडात कोणाकडे पाहुणे यायचे असले की घर जसं सारवून ठेवतात तसं त्याने केलं होतं. पण ताईची नोकरी त्यात चालली होती आणि चारशेच्या वर पोरी त्या दुसऱ्या, घरच्या कपड्यांतल्या भिंतीखाली बसणार होत्या.

"शाळेत टाकल्या होत्या का पट्ट्या? भिजवल्या होत्या विटा?"

तो हातातली थापी पुसायला लागला.

"बोल ना! की तिथे वाळूत सिमेंट नुसतं दाखवलंस?" मी त्याला अरेतुरे केलं, सगळ्यांसमोर. "वाईट भिंत बांधून दे मला. तुला जमते ती."

"मी वंगाळ भित बांदत नाई," तो खालच्या आवाजात म्हणाला. त्याचा आवाज खाली गेलेला मी प्रथमच ऐकला.

"बांधलीस! अकोल्याला!"

मी त्याची कॉलर धरली. त्याने माझा हात झटकला, मी पुन्हा धरली. मग त्याने मला उचलून टाकल्यासारखं ढकललं. मी गाडीवरून खाली खडीत पडलो, ओठ फाटला, तोंडात रक्ताची चव आली. उठून मी त्याच्यावर धावलो. त्याच्या हातात थापी होती आणि ती वर उचललेली होती. हमाल मध्ये पडले म्हणून बरं. वकीलसाहेब ओरडत होते, "अरे, कोर्टात भेटा, कोर्टात!" आम्हाला दोघांनाही काही ऐकू येत नव्हतं.

ताई मध्ये येऊन उभी राहिली. तिने आधी माझ्या तोंडात भडकावली. लहानपणी मारायची तशी, आवाज होईल अशी. मग मिस्त्रीकडे वळून शांतपणे विचारलं, "मिस्त्री, शाळेच्या भिंतीले पानी किती रोज मारलं होतं?"

"पानी कुठी होतं, बाई?" तो उसळून म्हणाला. "भर उन्हाळा होता. अकोल्यात पेयाले पानी नवतं, भितीले कुठून देतो? ठेकेदार म्हने उद्घाटन ठरलं, उरक. मी म्हनलं होतं त्याले. म्हनलं होतं!" आणि मग, आपण काय कबूल करतोय हे ध्यानात येऊन, "पन पडत नाई ते बी. माया हातची हाये."

वकीलसाहेब काही झालं तरी वकील. त्यांनी पट्ट्या हातात घेऊन पाहिल्या आणि म्हणाले, "पुरावा भेसळीचा आहे. पुन्हा चाचणी होऊ द्या. शाळेसारखीच भिंत. बाईंचा राजीनामा तोवर राहू द्या."

मिस्त्री परत जाईल असं मला वाटलं होतं. गेला नाही. त्याने दुसरी भिंत बांधली. या वेळी मी समोर स्टूल टाकून बसलो होतो आणि शाळेचं बांधकाम रोज पाहिलेल्या ताईने सांगितलेली एकेक गोष्ट तपासत होतो. विटा कोरड्या. वाळू तशीच, मातीसकट. सिमेंट नावापुरतं. खांबाला भिंत नुसती टेकवलेली. पहिली भिंत बांधायला त्याने दोन दिवस घेतले होते, ही त्याने एका दिवसात उरकली. थर लावताना विटेकडे पाहतसुद्धा नव्हता. गिलावा मात्र त्याने नीट केला. पाणी मारलं नाही. ऊन तर शाळेच्या वेळेसारखंच आपोआप पडत होतं.

दुसऱ्या चाचणीला सगळे पुन्हा जमले. शाळा उघडायला थोडेच दिवस उरले होते. वाघीण वर ओढून नेली, ठोकळा लावला, हमाल घण घेऊन उभा राहिला. मी हात वर केला आणि पाहतो तर मिस्त्री गाडीवर चढून पहिल्या बाकावर बसला होता. सरकीचं पोतं त्याने बाजूला सारलं होतं. भिंतीकडे पाठ, मांडीवर हात.

"उतरा खाली."

"पडत नाई म्हनलं न. सोडा गाडी."

"मिस्त्री, उतरा!"

"तुमी मले चार लोकांत चोर म्हनलं. मी माया भितीखाली बसून राह्यलो. सोडा."

मी वर चढून त्याचा दंड धरला. तो हलेना. आडव्या हाडाचा माणूस, खुंट्यासारखा बसून राहिला. मी रागाने खाली उतरलो आणि पुन्हा हात वर केला. मला खरोखर असं वाटलं की हात खाली करावा. पडू दे याच्यावर. हे मी लपवत नाही, राग हा माझा स्वभाव आहे आणि त्या क्षणी तो पुरता माझ्यावर बसला होता. हमाल घण उचलून माझ्या हाताकडे बघत होता. वकीलसाहेब ओरडले, "अहो, माणूस आहे तिथे! चाचणी बंद करा!"

चाचणी बंद म्हणजे भिंती तशाच. आणि शाळा आठ-दहा दिवसांवर.

ताईने चपला काढल्या. का काढल्या ते तिलाही सांगता आलं नसतं. ती गाडीवर चढली, दुसरं पोतं बाजूला केलं आणि मिस्त्रीच्या शेजारी बाकावर बसली. पदर खांद्यावरून नीट घेतला. वर्गात बसते तशी बसली.

"सोड रे गाडी," ती मला म्हणाली.

"ताई, खाली ये."

"मिस्त्री म्हनतात पडत नाई. मी रोजच त्याईच्या भितीखाली बसतो. आज काहून नाही? सोड."

उन्हात रूळ तापून वास सुटला होता. मिस्त्री समोर बघत होता, ताई समोर बघत होती. मी हात वर केलेला होता तो खाली घ्यायचीसुद्धा भीती वाटत होती, की हमाल इशारा समजेल. मिस्त्रीच्या कपाळावरून घाम गळून मिशांत जात होता. त्याने एकदा मागे भिंतीकडे पाहिलं. मग तो ताडकन उठला, परक्या बाईला हात लावू नये हे विसरून त्याने ताईचं मनगट धरलं आणि तिला बाकावरून ओढलं.

"उठा, बाई."

"काहून?"

"उठा म्हनलं न! पडते."

"कोन सांगते?"

"मी सांगतो," तो म्हणाला. "मीनंच बांदली. पडते."

तो तिला ओढतच खाली घेऊन आला. ती लांब जाऊन उभी राहिली तेव्हाच त्याने मनगट सोडलं. त्यानंतर त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. मी हात खाली केला.

पहिलीच धडक, आणि तीही अर्ध्या उतारावरून. भिंतीला भेग पडली, तडा गेला, असं काही झालं नाही. ती तळापासून एकदम निघाली आणि अख्खी बाकांवर आली. बाक दिसेनासे झाले. पोती फुटून सरकी सगळ्या आवारभर उडाली, आमच्या अंगावर, केसांत, वकीलसाहेबांच्या काळ्या कोटावर. धूळ खाली बसली तेव्हा ज्या बाकावर ती दोघं बसली होती त्याचा एक पाय तेवढा विटांतून वर आलेला दिसत होता.

वकीलसाहेब बराच वेळ कोट झटकत राहिले. मग म्हणाले, "पाडा. आणि नव्या बांधाल तेव्हा त्या पट्ट्या घाला."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही तिघं अकोल्याला गेलो, मी, ताई आणि मिस्त्री. गाडीत तो आमच्या डब्यात बसला, पण लांब. शाळा सुट्टीची बंद होती. ताईने कुलूप काढलं. पहिल्याच वर्गात मिस्त्रीने छिन्नी-हातोडी काढली आणि खांबाला लागून वरपासून खालपर्यंत गिलावा फोडला. आतून वाळू भुरभुर गळायला लागली. त्याने फटीत बोट घातलं, ते वर-खाली फिरवलं, वाळू गळतच राहिली. दुसऱ्या खांबाजवळही तसंच. छिन्नी त्याने खिडकीत ठेवली. पहार आणली होती तिला हात लावला नाही.

"दाराशी व्हा," तो आम्हाला म्हणाला.

मग त्याने भिंतीला खांदा लावला आणि पाय फरशीला रोवून रेटा दिला. एक रेटा. पुन्हा एक. भिंत पलीकडच्या वर्गात गेली. तिच्या आवाजाने बाहेरच्या गल्लीतलं एका दुकानदाराचं कुटुंब धावत बाहेर आलं. धुळीत मिस्त्री उभा होता, खांदा अजून तसाच पुढे काढलेला. वाघीण नाही, उतार नाही, भूकंप नाही. एका माणसाचा खांदा पुरला होता.

मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि माझ्या घशात धूळ गेली.

ताई दाराच्या उंबऱ्यावर खाली बसली. तिला भोवळ आली असं मला वाटलं.

"मधल्या सुट्टीत पोरी इथंच बसतात," ती म्हणाली. "भितीले पाठ लावून. ओळीनं. डबे खातात. एकमेकींले ढकलतात, हसतात अन् पाठीनं भितीले धक्के देतात. मी रोज वरडतो त्याईले, गिलावा खराब करू नका म्हनून."

मिस्त्रीने ते ऐकलं. त्याने स्वतःच्या तोंडात मारून घेतली. एकदा, मग दोन्ही हातांनी, थोबाडीत, जोराने. धुळीने पांढऱ्या झालेल्या गालांवर बोटं उठली तरी थांबेना. मी पुढे झालो, पण त्याचे हात धरायचं बळ माझ्यात नव्हतं.

ताई उठली. पदर कमरेला खोचला.

"ते मंग करजा, मिस्त्री," ती म्हणाली. "पह्यले बाकीच्या पाडा."

त्याने हात खाली घेतले. आम्ही तिघं दुसऱ्या वर्गात गेलो.